कोविडमधून बरे झाल्यावर, निदानापासून ४१व्या दिवशी पुन्हा पॉझिटिव्ह अहवाल (जून २०२१)

सातारकर: वडिलांना (वय ६८) एप्रिलअखेरीस कोविड झाला होता, पाच दिवस ताप होता, पण ऑक्सिजन लागला नाही. आता हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी केलेली आरटी-पीसीआर ४१व्या दिवशी पॉझिटिव्ह आली आहे. तेव्हा अहवालातला सीटी आकडा १९ होता, आता ३३ आहे. बाबा रोज गच्चीत तासभर चालतात, तरी शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली आणि सोसायटीने आमच्या कामवाल्या मावशींना जिन्यातूनच परत पाठवले. हा आजार पुन्हा झाला असे समजायचे का?

काचपट्टी: मी प्रयोगशाळेत काम करतो. विषाणू जिवंत आहे की नाही, हे ही चाचणी सांगत नाही. त्याच्या आरएनएचा (जनुकीय द्रव्याचा) तुकडा सापडला की ती पॉझिटिव्ह येते, आणि असे तुकडे काही जणांच्या नाका-घशात तीन महिन्यांपर्यंत सापडत राहतात. तो तुकडा दिसेपर्यंत यंत्राला जितकी आवर्तने करावी लागतात तो सीटी, आणि दर आवर्तनात तुकड्यांची संख्या साधारण दुप्पट होते. म्हणजे सीटी जितका जास्त तितके मूळ तुकडे कमी, आणि १४ आवर्तनांचा फरक हा ढोबळमानाने सोळा हजार पटींचा झाला. अर्थात स्वॅब नीट घेतला नाही तरी सीटी चढतो आणि किटही निरनिराळी असतात, त्यामुळे मी हा आकडा फार ताणत नाही.

मुक्ताई: गेल्या वर्षी दक्षिण कोरियाने अशा २८५ रुग्णांचा आणि त्यांच्या ७९० संपर्कांचा मागोवा घेतला, तेव्हा या दुसऱ्या पॉझिटिव्ह काळातील सहवासातूनच लागण झाल्याचे एकही प्रकरण आढळले नाही. आयसीएमआरनेही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मे महिन्यात, एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटी-पीसीआर पुन्हा करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. पुनर्संसर्ग ठरवताना त्यांच्या व्याख्येत दोन पॉझिटिव्ह अहवालांत किमान १०२ दिवसांचे अंतर आणि मध्ये एक निगेटिव्ह अहवाल लागतो. सोसायटीला हे छापूनच द्यावे.

भूलशास्त्र: मात्र शस्त्रक्रिया पुढे गेली हे बरेच झाले. तातडी नसेल तर निदानानंतर सात आठवडे थांबावे, कारण त्याआधी भूल दिल्यास फुप्फुसांच्या गुंतागुंतीचा धोका अधिक असतो. याचा दुसऱ्या अहवालाशी संबंध नाही. त्यांना केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत का? तशा रुग्णांत जिवंत विषाणू बराच काळ टिकू शकतो.

सातारकर: नाही, फक्त रक्तदाबाची गोळी चालू आहे. सात आठवडे व्हायला आठच दिवस उरले आहेत, तेव्हा नवी तारीख मागतो. मावशींना उद्या मी स्वतः फाटकापासून घरापर्यंत घेऊन येईन.