मदत हवी आहे : वहिनी पाचव्या महिन्यात, एचआयव्ही पॉझिटिव्ह. बाळाचं काय?

नवीनआयडी :
आयडी नवीन का काढलाय ते कळेलच. वहिनी २४ वर्षांची, पहिलंच बाळंतपण. गावाकडच्या ग्रामीण रुग्णालयात गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्या झाल्या, त्यात एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली. सिव्हिलच्या एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) नाव नोंदवलंय, गोळ्या फुकट मिळतात, रोज रात्री एक. तब्येत ठणठणीत.

घरात मात्र आईने तिचं ताट-वाटी-भांडं वेगळं काढलंय. चुकून मिसळायला नको म्हणून प्रत्येकाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. कपडे वेगळ्या दोरीवर. डोहाळजेवण रद्द. आता माहेरी पाठवायचं चाललंय. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीतच आहे, पण हे पाठवणं तसलं नाही हे तिलाही समजतंय. दादा गप्प. त्याने अजून तपासून घेतलेलं नाही, "मला काय धाड भरलीय" म्हणतो.

बाळाला होणारच का? सिझर करावंच लागतं का? अंगावर पाजायचं की नाही? आणि आईला कुठल्या भाषेत सांगू? मी पुण्यात, सगळं फोनवर चाललंय.

उंबरठा :
मी बरीच वर्षं आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, समुपदेशक होते. आधी बाळाचं सांगते.

काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण व्हायचं प्रमाण १०० पैकी १५ ते ४५. म्हणजे तेव्हाही 'होणारच' असं नव्हतं. गोळ्या नीट चालू असतील तर ते ५ च्या खाली येतं, आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला तर त्याहूनही बरंच खाली. वहिनी पाचव्या महिन्यातच सापडली हे चांगलं झालं, हाताशी वेळ आहे. एकही गोळी चुकवायची नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सोबत रिकाम्या पोटी घेतल्या तर ही गोळी अंगात नीट शोषली जात नाही, आणि गरोदर बाईला त्या दोन्ही चालूच असतात. तेव्हा सगळ्या गोळ्यांच्या वेळा सेंटरवरून कागदावर लिहून घ्या. ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे त्याची तपासणी) करतात, तो रिपोर्ट मागून घ्या.

निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून सिझर करत नाहीत. इतर कुठल्याही बाईला ज्या कारणाने करतील त्याच कारणाने. बाळंतपण दवाखान्यातच हवं, घरी अजिबात नको. जन्मल्याबरोबर बाळाला औषध सुरू होतं, साधारण सहा आठवडे, जोखीम जास्त वाटली तर बारा. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पहिली तपासणी, पुढे आणखी होतात, शेवटचा निकाल १८ महिन्यांनी. तोवर कुणीही 'लागलं' किंवा 'सुटलं' म्हणू नये.

पाजण्याचं नीट ऐका, कारण इथेच सासवा घोळ घालतात. सहा महिने फक्त अंगावरचं. पाणी नाही, मध नाही, घुटी नाही, गाईचं दूध नाही. अंगावरचं आणि वरचं एकत्र देणं सगळ्यात वाईट, वरच्यामुळे बाळाच्या आतड्याचं अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. पाजायचंच नसेल तर पहिल्या दिवसापासून पूर्ण वरचं, पण पाण्याची आणि बाटलीची स्वच्छता जमणार असेल तरच. काय करायचं हे वहिनीने सेंटरवर बोलून ठरवावं. आत्याने नाही, आजीने तर नाहीच.

रानजाई :
ताटाचं कुणीच बोललं नाही. ताट, टॉवेल, संडास, डास, खोकला, मिठी, एकाच्या हातचं दुसऱ्याने खाणं, यातून हा विषाणू पसरत नाही. पसरतो तो असुरक्षित संबंधांतून, दूषित रक्तातून, एकच सुई दोघांनी वापरली तर, आणि आईकडून बाळाला. यादी इथे संपली.

उंबरठा :
आणि दादा. गरोदर बायकांची तपासणी नियमाने होते, नवऱ्याची होत नाही. म्हणून कित्येक घरांत बाईचा रिपोर्ट आधी येतो आणि 'हिनेच आणलं' ठरतं. त्या कागदावरून एवढंच कळतं की आधी तपासणी कुणाची झाली. लागण आधी कुणाला झाली हे कळत नाही. माणूस आठ-दहा वर्षं विनालक्षण हिंडू शकतो, तेव्हा 'मला त्रास नाही' याला काडीचाही अर्थ नाही. त्याचा निगेटिव्ह आला तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि वहिनीचा व्हायरल लोड दबला असं डॉक्टर सांगेपर्यंत निरोध. पॉझिटिव्ह आला तर त्यालाही त्याच गोळ्या, लगेच.

नवीनआयडी :
दोघींचे आभार. दादाला काल तुमचा मजकूर वाचून दाखवला. ऐकून घेतलं, बोलला नाही. सोमवारी वहिनीबरोबर सिव्हिलला जातो म्हणालाय. अजून एक : तालुक्याच्या खासगी डॉक्टरांनी 'आमच्याकडे अशी केस घेत नाही' सांगितलं. आणि आई माहेरावर ठाम आहे.

काळाकोट :
एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७. लागू १० सप्टेंबर २०१८ पासून. खासगी दवाखान्यालासुद्धा एचआयव्हीच्या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत, राज्यात अशा तक्रारी ऐकायला लोकपाल नेमायची तरतूद आहे. पण बाळंतपण तोंडावर असताना भांडणात वेळ घालवू नका, सिव्हिललाच नाव घाला, तिथे बाळाच्या औषधाची सोयही जागेवर असते. तक्रार नंतरही करता येते.

आईंसाठी : याच कायद्यात एकत्र राहत्या घरात राहण्याचा, त्यातल्या कुठल्याही भागातून बाहेर न काढलं जाण्याचा आणि घरातल्या सोयी भेदभावाविना वापरण्याचा हक्क आहे. म्हणजे स्वयंपाकघरही आलं! तिच्या संमतीशिवाय तिचा आजार दुसऱ्याला सांगणंही कायद्यात बसत नाही, तेव्हा शेजारीपाजारी बातमी जाणार नाही हे आधी पाहा.

रानजाई :
कायदा सासूला ऐकवला तर ती आणखी चिडेल हो. आमच्याकडे आशाताईंनी (गावच्या आरोग्यसेविका) घरी बसून सांगितलं तेव्हा फरक पडला होता. अर्थात वहिनीला चालणार असेल तरच बोलवा. नाहीतर १०९७ या हेल्पलाइनवर आईंना स्वतःलाच बोलायला लावा. फोन फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही, मराठीत बोलतात. त्यांना काय काय विचारायचंय ते त्यांनाच विचारू दे, तुम्ही मध्ये बोलू नका.

नवीनआयडी :
हे आवडलं. रविवारी गावी जातेय, स्पीकरवर लावून देते आणि बाहेर जाऊन बसते.