बंदिस्त तरण तलावातली हवा मोजणे सक्तीचे करावे का?

उत्रेख्तकर (धागाकर्ती)

माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि गेले आठ महिने ती इथे नेदरलँड्समध्ये एका बंदिस्त तरण तलावावर 'ए' पदविकेची तयारी करते आहे. इथे घरांच्या दारापर्यंत कालवे आलेले असल्याने ए, बी, सी या पोहण्याच्या पदविका मुलांनी मिळवायच्या, हा घरोघरचा शिरस्ता आहे. परीक्षेत मुलांना कपडे आणि पादत्राणे घालून पाण्यात उतरावे लागते आणि पाण्याखाली सोडलेल्या ताडपत्रीच्या भोकातून बुडी मारून पलीकडे निघावे लागते. मुलगी हे सगळे हसत करते. मला मात्र पालकांच्या बाकावर पाच मिनिटे झाली की घशात खवखव सुरू होते आणि पाऊण तासात डोळे चुरचुरू लागतात, आणि मी तर पाण्याला बोटही लावलेले नसते.

तिच्या प्रशिक्षिकेला मी सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली की संध्याकाळपर्यंत तिचा आवाज बसतो आणि सुट्टीवर गेले की आपोआप सुटतो. याच देशातल्या तरण तलावांवरील ६२४ कर्मचाऱ्यांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तीत हवेतील ट्रायक्लोरामाइनचे (तलावातल्या क्लोरीनपासून बनणाऱ्या, डोळे-घसा चुरचुरवणाऱ्या वायूचे) प्रमाण सरासरी ०.५६ मिलिग्रॅम प्रति घनमीटर भरले आणि कर्मचाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सुचवलेली तात्पुरती मर्यादा ०.५ आहे. आमच्या तलावाच्या दारातल्या फलकावर पाण्याचे तापमान, सामू आणि क्लोरीन रोज लिहिलेले असते, पण हवेविषयी त्यावर एक अक्षर नसते. पाण्याइतकीच हवाही मोजून तो आकडा लावणे बंधनकारक असावे, असे माझे मत आहे.

काठावरचा

मी पुण्यात २२ वर्षे मुलांना पोहायला शिकवतो आहे आणि या मताशी पूर्ण असहमत आहे. फलकावर असा आकडा लागला की त्याचा अर्थ न कळणारे पालक पहिल्यांदा मुलाचे नाव काढून घेतील. आपल्या देशात दरवर्षी ३० हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात, तिथे घशाची खवखव हा चिंतेचा विषय करणे मला परवडणारे वाटत नाही.

शास्त्राचेच बोलायचे, तर ही भीती २००३ पासून विशेष पसरली. बेल्जियममधील आल्फ्रेड बर्नार्ड यांनी शाळकरी मुलांचा दमा आणि बंदिस्त तलावांवरील हजेरी यांचा संबंध दाखवणारा अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध केला. पण पुढे इंग्लंडच्या एव्हन परिसरातील पाच हजारांवर मुलांचा जन्मापासून मागोवा घेणारा अभ्यास २०११ मध्ये आला, आणि त्यात पोहणाऱ्या मुलांमध्ये दमा वाढलेला दिसला नाही. उलट त्यांच्या फुप्फुसांची क्षमता थोडी सरस निघाली. दमा असलेल्या मुलांना पोहण्याचे प्रशिक्षण सोसते आणि त्याचा लाभही होतो, असा वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. माझ्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन 'बाळदमा आहे, पोहायला घाला' असे सांगत आलेली कितीतरी मुले आज जिल्हा पातळीवर पोहतात. शिवाय आपले बहुतेक तलाव उघड्या आकाशाखालचे आहेत, त्यामुळे हा प्रश्न मुळात थंड देशांचा आहे.

निवृत्त रसायनी

दोघांच्याही लिखाणात एक गोष्ट सुटली आहे. ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, तो बहुतांशी क्लोरीनचा नसतोच. पाण्यात टाकलेल्या क्लोरीनची आपल्या घामातल्या आणि (लाज सोडून लिहितो) लघवीतल्या युरियाशी व अमोनियाशी गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात. त्यांपैकी ट्रायक्लोरामाइन पाण्यात फारसे विरघळून राहत नाही. मुले जितकी पाणी उडवतील, कारंजी आणि घसरगुंड्या जितक्या असतील, तितके ते भराभर हवेत येते आणि पाण्याच्या पृष्ठभागालगत, म्हणजे नेमके पोहणाऱ्याच्या नाकापाशी, साचून राहते. म्हणून 'वास दणदणीत येतो आहे, म्हणजे औषध भरपूर पडले आहे, तलाव स्वच्छ आहे' ही आपल्याकडची समजूत उलटी आहे. वास जितका उग्र, तितकी माणसांची घाण जास्त आणि ताजे पाणी व ताजी हवा कमी, असे समजावे.

जर्मन मानकात पाण्यातील एकत्रित क्लोरीनची (म्हणजे क्लोरामाइनच्या रूपात अडकलेल्या क्लोरीनची) मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम इतकी कडक ठेवली आहे. आपल्याकडचे भारतीय मानक ३३२८ हे तलावाच्या पाण्याच्या गुणवत्तेचे आहे, आणि आपले सगळे लक्षही पाण्यावरच असते. सामू घसरला तर ट्रायक्लोरामाइन अधिक बनते, आणि क्लोरीनच्या पांढऱ्या टिकल्या फ्लोटरमध्ये (पाण्यावर तरंगणाऱ्या डबीत) टाकून निश्चिंत होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की त्या टिकल्या पाणी आम्लधर्मीच करत नेतात.

शिट्टी

'थंड देशांचा प्रश्न' हे वाक्य वाचून लिहायला बसलो. मी एका क्लबच्या बंदिस्त, गरम पाण्याच्या तलावावर सहा वर्षे जीवरक्षक होतो. क्लबचे नाव लिहीत नाही. वर पॉलिकार्बोनेटचे छप्पर, तीन बाजूंना काचा आणि हवा बाहेर फेकणारे चार पंखे होते. त्यांतले दोन पंखे थंडीत बंद असत, कारण गरम हवा बाहेर गेली की हीट पंपाचे बिल वाढते, असे व्यवस्थापकांचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते. शनिवार-रविवारी लहान मुलांच्या चार तुकड्या लागोपाठ होत. त्यानंतर रात्री हायपोचा (क्लोरीनयुक्त द्रावणाचा) कॅन उपडा करून शॉक डोस, म्हणजे एकदम मोठी मात्रा, दिली जाई आणि सकाळी साडेपाचला दार उघडणारा मीच असे. त्या वेळी आत शिरताना मी श्वास रोखून धरत असे.

मला स्टीलची शिट्टी दिली होती. तिच्यावर वर्षभरात तांबूस ठिपके पडले, म्हणून मी प्लास्टिकची घेतली. माझ्या कपाटाचे कुलूप दोनदा बदलावे लागले. तिसऱ्या वर्षी रात्रीचा खोकला सुरू झाला. दोन डॉक्टरांनी औषधे दिली, तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "काम काय करता?" त्यांनी मला पीक फ्लो मीटर (जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायचे साधन; आकडा कमी म्हणजे श्वासनलिका आवळलेल्या) आणि एक वही दिली आणि चार आठवडे दिवसातून चार वेळा फुंकून आकडा लिहायला सांगितला. कामावरच्या दिवशी संध्याकाळी ३९० आणि गावी गेलो त्या आठवड्यात ४८०, असा फरक वहीत स्वच्छ दिसला. मी नोकरी सोडली. पोहणारा तासाभराने घरी जातो, जीवरक्षक आठ तास त्याच हवेत उभा असतो, आणि या चर्चेत कर्मचाऱ्यांची ती एक पाहणी सोडली, तर आत्तापर्यंत सगळे बोलणे मुलांभोवतीच फिरत आहे.

काठावरचा

शिट्टी, तुमचा त्रास मी नाकारत नाही. ब्रिटिश डॉक्टरांनी २००२ मध्ये दोन जीवरक्षक आणि एक पोहण्याचा शिक्षक, अशा तिघांना याच वायूमुळे झालेल्या व्यावसायिक दम्याची नोंद केली आहे, हे मला ठाऊक आहे. पण १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली फ्रान्समधील ३३४ जीवरक्षकांची पाहणीही वाचावी. हवेतले प्रमाण वाढेल तशा डोळे, नाक आणि घसा यांच्या तक्रारी वाढल्या, एवढे तीत स्पष्ट दिसले, मात्र श्वासनलिकांच्या दीर्घकालीन आजाराशी तसा संबंध दिसला नाही. चुरचुर वेगळी आणि आजार वेगळा. कायदा करायचा तर हा फरक धरून करावा लागेल, आणि प्रयोगशाळेत नमुने पाठवण्याचा खर्च शेवटी मुलांच्या फीमध्येच चढेल.

उत्रेख्तकर

फरक मान्य, पण ज्या चुरचुरीमुळे माणसाला नोकरी सोडावी लागते, तिला आजार म्हणायचे की नाही, हे कोण ठरवणार? आणि मुलांना पाण्यातून काढा, असे मी कुठेच लिहिलेले नाही. परवा मी आमच्या तलावाच्या व्यवस्थापकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की २०२२ मध्ये गॅसचे भाव भडकल्यापासून आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवण्याचे प्रमाण त्यांनी वाढवले आहे. म्हणजे उत्रेख्तमध्ये आणि शिट्टी यांच्या क्लबमध्ये अडचण एकच आहे. आकडा समोर नसल्यामुळे दोन्हीकडे बिल जिंकते.

लोखंडी

मी इमारतींच्या सांगाड्यांची तपासणी करतो, त्यामुळे फुप्फुसांविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. पण शिट्टी यांच्या गंजलेल्या शिट्टीवरून एक जोडतो. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी ९ मे १९८५ रोजी बंदिस्त तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जण मृत्युमुखी पडले. छत ज्या स्टेनलेस स्टीलच्या दांड्यांवर टांगलेले होते, त्या या क्लोरिनयुक्त हवेने आतून तडकल्या होत्या. नेदरलँड्समध्येच टिलबर्ग येथे २०११ मध्ये छताचा ध्वनिवर्धक अशाच गंजामुळे खाली पडून एक तान्हे बाळ दगावले. वरून पाहिले तर असा दांडा चकचकीत दिसतो. मी तलावाच्या तपासणीला गेलो की आधी पंख्यांचा वेळ विचारतो, मग छताकडे पाहतो.

निवृत्त रसायनी

काठावरच्यांच्या खर्चाच्या मुद्द्यावर लिहितो. रोज हवेचा नमुना घेण्याची गरज नाही. डीपीडी गोळ्यांच्या साध्या पेटीने एकूण क्लोरीन आणि मुक्त क्लोरीन मोजता येते, आणि दोहोंतली वजाबाकी म्हणजे एकत्रित क्लोरीन. पेटी बहुतेक तलावांवर असतेच, फक्त दुसरी गोळी टाकायचा कंटाळा केला जातो. ती वजाबाकी फलकावर रोज लिहावी आणि हवेची चाचणी वर्षातून दोनदा, गर्दीच्या दिवशी, व्हावी. अतिनील दिव्यांनीही क्लोरामाइन कमी करता येतात, पण ते महाग पडतात. सर्वांत स्वस्त उपाय पोहण्यापूर्वी साबण लावून अंघोळ करण्याचा आहे. युरिया तलावात पोहोचलाच नाही, तर पुढची साखळी सुरूच होत नाही.

काठावरचा

वजाबाकीच्या फलकाला माझी हरकत नाही, आणि अंघोळीचा नियम तर आमच्याकडे भिंतीवर लाल अक्षरांत रंगवलेला आहे. प्रत्यक्षात मुले शॉवरची कळ दाबतात, डोके तेवढे ओले करतात आणि पळत येऊन पाण्यात उडी टाकतात. मी किती जणांना परत पाठवणार?

शिट्टी

सर, आमच्या तलावाचे पाणी २९ अंशांवर तापवलेले असे आणि शॉवरला डिसेंबरातही टाकीचे गार पाणी येई. त्या शॉवरखाली साबण लावून उभा राहिलेला एकही मुलगा मी सहा वर्षांत पाहिला नाही. मीही राहिलो नव्हतो. तुमच्याकडे शॉवरला गरम पाणी येते का?

काठावरचा

नाही. सोमवारी समितीची बैठक आहे, तिथे गीझरचा विषय मांडतो.