सिरीज एस जास्त ताकदवान असून पोर्टला (दुसऱ्या यंत्रासाठी बनलेला गेम आपल्यावर आणताना) अडखळते, आणि स्विचवर ‘विचर ३’ चालतो. हे कसं काय?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत राहतो. मुलगी झोपली की मी आणि बायको रात्री तासभर एकाच टीव्हीसमोर शेजारी बसून खेळतो. दिवसभरात आमचा दोघांचा असा तो एवढाच वेळ. घरी एक्सबॉक्स सिरीज एस आहे, वापरलेली घेतली होती. डिसेंबर २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ एक्सबॉक्सवर आला तेव्हा तो जोडीने खेळायचा असं आमचं ठरलं होतं. मग कळलं की मोठ्या सिरीज एक्सवर स्प्लिट-स्क्रीन (एकच पडदा दोघांत वाटून खेळायची सोय) आहे, एसवर नाही. बायको फार हिरमुसली. गेम घेतलाच नाही आम्ही.

आता मेहुणा दिवाळीला टोरांटोहून येतोय. आपल्याकडे निन्टेन्डो अधिकृतपणे विकत नाही, म्हणून विचारतोय की येताना स्विच २ आणू का. मी आकडे वाचायला बसलो आणि जास्तच गोंधळलो. सिरीज एस ४ टेराफ्लॉप (ग्राफिक्स चिप सेकंदाला किती गणितं करते त्याचं माप). स्विच २ टीव्हीला जोडला तर ३ च्या आसपास, हातात धरला तर त्याहून बराच कमी. पहिला स्विच तर अर्ध्या टेराफ्लॉपचाही नाही, तरी त्यावर ‘विचर ३’ दोन्ही विस्तारांसकट चालतो. मित्राच्या स्विचवर मी स्वतः त्यातल्या नोव्हिग्राड शहराच्या बाजारात फिरलोय.

मग पोर्ट बरा होणार की वाईट, हे ठरतं कशावर? मला खरंच समजून घ्यायचंय.

घाटवळण

स्टुडिओच्या मेहनतीवर. मनावर घेतलं की काहीही चालतं, आळस केला की नाही चालत. टेराफ्लॉप वगैरे जाहिरातीसाठी.

जुनीकॅसेट

मेहनत हवीच, पण यंत्राची घडणही बघावी लागते. माझ्याकडे प्लेस्टेशन ३ होता, चुलतभावाकडे एक्सबॉक्स ३६०. कागदावर माझं यंत्र भारी, त्यातल्या सेल प्रोसेसरचं कौतुक तेव्हा सगळीकडे वाचायला मिळायचं. ‘बेयोनेटा’ आम्ही दोघांनी घेतला आणि सुट्टीत शेजारी शेजारी लावून पाहिला. त्याच्याकडे गुळगुळीत, माझ्याकडे मारामारीत फ्रेम पडायच्या आणि लोडिंग इतकं की मेनू उघडायचाही कंटाळा यायचा. पुढे हार्ड डिस्कवर इन्स्टॉल करायचा पॅच आला, तेव्हा लोडिंग जरा सुसह्य झालं.

कारण मला फार नंतर समजलं. ३६० मध्ये ५१२ एमबी मेमरी एकत्र होती, गेमला हवी तशी वाटून घेता यायची. प्लेस्टेशन ३ मध्येही एकूण तेवढीच, पण २५६ प्रोसेसरची आणि २५६ ग्राफिक्सची, मध्ये भिंत. शिवाय सेलचं खरं बळ त्याच्या छोट्या एसपीई कोरमध्ये (कोर म्हणजे प्रोसेसरमधला गणित करणारा भाग), आणि अशा प्रत्येक कोरला स्वतःची जागा फक्त २५६ केबी. गेम पहिल्यापासून त्या घडणीसाठी लिहिला तर यंत्र सोनं द्यायचं. दुसऱ्या यंत्रासाठी लिहिलेला गेम उचलून त्यावर ठेवला की त्रास.

रात्रपाळी

कृष्णाकाठ, मी सहा वर्षं पुण्यात एका पोर्टिंग टीममध्ये प्रोग्रामर होते. कोणत्या गेमवर काम केलं ते करारामुळे सांगता येत नाही, पण काम कसं चालतं ते सांगते.

नवा पोर्ट हाती आला की पहिल्या आठवड्यात आम्ही चित्राकडे बघायचोच नाही. फळ्यावर दोन रकाने आखायचो. एकात कमी करता येण्यासारखं सगळं: रिझोल्यूशन, सावल्या, गवताची दाटी, लांबच्या झाडांचे त्रिकोण (आकार त्यांचेच बनतात), टेक्श्चर (वस्तूंवर चिकटवलेली चित्रं). दुसऱ्यात हात लावला तर गेमच बदलेल असं सगळं: बाजारात किती माणसं आहेत आणि प्रत्येक जण काय ठरवतोय, वस्तू कोसळण्याचं गणित, कुठल्या पेटीतून काय उचललं याची नोंद. टेराफ्लॉप हा ग्राफिक्स चिपचा आकडा, म्हणजे बहुतेक पहिल्या रकान्याचा. पोर्ट अडतो तो जवळजवळ नेहमी दुसऱ्या रकान्यात किंवा मेमरीत.

आता तुमचा ‘विचर ३’ घ्या. प्लेस्टेशन ४ वर तो १०८०पी. स्विच हातात धरला की ५४०पी, तेही जास्तीत जास्त, म्हणजे पिक्सेल थेट चौथाई. टीव्हीवर ७२०पी. झाडी विरळ केली, सावल्या साध्या केल्या, आणि सगळं ३२ जीबीच्या कार्टरिजमध्ये बसवलं. हा झाला पहिला रकाना. दुसऱ्या रकान्यात त्यांना मूळ गेमनेच हात दिला. तो २०१३ च्या कन्सोलसाठी बनला होता, आणि त्या कन्सोलमधले प्रोसेसरचे जॅग्वार कोर त्या काळातही मंदच होते. मंद कोरवर चालेल असा गेम आधीच लिहिलेला असेल, तर तो स्विचच्या चार एआरएम कोरवर नेण्याची निदान आशा तरी असते.

तरीही मला ‘डूम’पेक्षा ‘विचर’चा पोर्ट जास्त अवघड वाटतो. २०१६ चा ‘डूम’ मुळात सेकंदाला ६० फ्रेमचा. २०१७ च्या नोव्हेंबरात पॅनिक बटन या स्टुडिओने तो स्विचवर आणला तेव्हा ३० केला. म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळत होते तिथे ३३.३ मिळाले. वेळ दुप्पट! ‘विचर’ कन्सोलवर आधीच ३० चा होता, तिथे ही सोय शिल्लकच नव्हती. कुठल्याही पोर्टची बातमी आली की मी आधी एवढंच बघते, की मूळ कन्सोलवर तो ६० चा होता की ३० चा.

आता सिरीज एस. तिचा सीपीयू (मुख्य प्रोसेसर) सिरीज एक्सच्या जवळपास तितकाच वेगवान आहे. ग्राफिक्स एक तृतीयांश, पण तो पिक्सेल कमी करून भागवता येतो. मेमरी मात्र एक्समध्ये १६ जीबी आणि एसमध्ये १०. त्या दहातलीही ८ जीबीच वेगवान, सेकंदाला २२४ जीबी. उरलेली २ फक्त ५६ ची, आणि सिस्टिमचा वाटा यातूनच जायचा.

स्प्लिट-स्क्रीनमध्ये प्रत्येकाला अर्धा पडदा, त्यामुळे एकूण पिक्सेल तेवढेच राहतात. पण तुम्ही तळघरात आणि वहिनी वरच्या गल्लीत असतील, तर दोन्हीकडच्या भिंती, माणसं, त्यांचे कपडे, आवाज एकाच वेळी मेमरीत हवेत. तळघर अर्ध्या पडद्यावर दिसतं म्हणून ते मेमरीत अर्ध्या जागेत मावत नाही. टेराफ्लॉपच्या आकड्यात हे कुठेच दिसत नाही.

घाटवळण, ‘आळस’ या शब्दाबद्दल. आमचा एक पोर्ट ४० मिनिटं छान चालायचा आणि मग कोसळायचा. रोज वेगळ्या ठिकाणी. आम्ही आठ टेस्ट किट रात्रभर चालू ठेवायचो आणि पहाटे लॉग वाचायचो, माझं हे नाव तेव्हापासूनचं. प्रोफायलर (मेमरी मोजणारं साधन) म्हणायचा ६० एमबी मोकळी आहे, आणि १६ एमबीचं टेक्श्चर मागितलं की जागा नाही! एसटीत बारा सीटा रिकाम्या असतात, पण सगळ्या विखुरलेल्या, आणि तिघांच्या कुटुंबाला एकत्र बसायला एक बाक मिळत नाही, तसं. मोठ्या टेक्श्चरसाठी सुरुवातीलाच सलग जागा राखून ठेवली तेव्हा सुटलं. पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत पडद्यावर एक पिक्सेलही बदलला नव्हता. गेम आल्यावर लोकांनी लिहिलं की टेक्श्चर धूसर आहेत, टीम आळशी आहे. टेक्श्चर धूसर होते हे खरंच आहे, पण दुसरं वाक्य वाचून आमच्या टीममधला सर्वांत लहान मुलगा जेवला नव्हता त्या दिवशी.

आणि कृष्णाकाठ, सर्वांत महत्त्वाचं शेवटी सांगतेय. सिरीज एसवर ‘बाल्डर्स गेट ३’ ला स्प्लिट-स्क्रीन आलंय. १५ एप्रिल २०२५ ला आठवा पॅच आला, त्यात. गेम बनवणाऱ्या लॅरियनला एक्सबॉक्सवर गेम आणल्यावर आणखी सोळा महिने लागले. यंत्र तेच होतं.

कृष्णाकाठ

ताई, हे मला माहीतच नव्हतं! एकदा ‘नाही’ वाचलं आणि पुन्हा बघितलंच नाही. बायकोला वाचून दाखवलं तर तिने एसटीचं वाक्य दोनदा वाचायला लावलं.

एक शंका राहिली. प्लेस्टेशन ४ वर ‘सायबरपंक’ची जी अवस्था होती ती मी भावाकडे पाहिलीय. गाडी जोरात चालवली की समोरचा रस्ता मातकट डबक्यासारखा दिसायचा. तोच गेम स्विच २ वर आला. हातात धरल्यावर तर त्याचा आकडा प्लेस्टेशन ४ पेक्षाही कमी ना?

रात्रपाळी

हो, हातात साधारण १.७ आणि प्लेस्टेशन ४ चा १.८४. पण बाकीचं बघा. प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी मेमरी, मंद कोर आणि फिरती हार्ड डिस्क. गाडी वेगात पळते तेव्हा पुढची गल्ली डिस्कवरून यायची असते. डिस्क तेवढ्या वेगाने देऊ शकत नाही, म्हणून ते डबकं. १८ डिसेंबर २०२० ला सोनीने तो स्टोअरवरून काढला आणि २१ जून २०२१ ला परत ठेवला. पुढे ‘फँटम लिबर्टी’ हा विस्तार त्या पिढीसाठी काढलाच नाही.

स्विच २ मध्ये १२ जीबी मेमरी, आठ नवे कोर, आत झटपट वाचता येणारी फ्लॅश, आणि कमी पिक्सेलच्या चित्रातून मोठं चित्र तयार करणारं डीएलएसएस. म्हणून ५ जून २०२५ ला, कन्सोलच्या पहिल्याच दिवशी, ‘फँटम लिबर्टी’सकट अख्खा गेम ६४ जीबीच्या कार्डावर आला.

मेहुण्यांना दोन गोष्टी सांगा. मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच आणा म्हणावं. जुन्या मायक्रोएसडीवरून स्विच २ चे गेम चालत नाहीत, कारण तेच, वाचनाचा वेग. आणि डब्यावर ‘गेम-की कार्ड’ लिहिलंय का ते बघायला सांगा. तसं असेल तर कार्डात गेम नसतो, सगळा डाउनलोड करावा लागतो.

घाटवळण

रात्रपाळी, तो शब्द मी मागे घेतो. तुमच्या त्या मुलाला सांगा.

कृष्णाकाठ

स्विचचं दिवाळीपर्यंत ठरवू. ‘बाल्डर्स गेट’ आत्ताच घेतला. शंभर जीबीच्या वर आहे, आणि एसवर जागा करायला दोन क्रिकेटचे गेम उडवावे लागले. आमच्या लाइनवर सकाळपर्यंत चालेल. बायको चेटकीण होणार म्हणतेय. मी काय व्हावं ते अजून ठरलेलं नाही.