मदत हवी आहे: भाषाशास्त्र एम.ए.चा अर्ज, एसओपीत (अर्जासोबतच्या निवेदनात) आजीला आणू का?

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याची. बीएस्सी केमिस्ट्री, गेली दोन वर्षं काजू कारखान्याच्या लॅबमध्ये गरातला ओलावा मोजतेय. आता भाषाशास्त्रात एम.ए. करायचं ठरवलंय. डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठाचं कलिना डोळ्यासमोर आहेत, जेएनयूसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा देणार. शिवाय नशीब आजमावायला परदेशात एक अर्ज. घोडं अडलंय ते तिथेच. दीड पान एसओपी नि दोन शिफारसपत्रं हवीत.

पहिला खर्डा असा सुरू होतो: "मालवणी मरणपंथाला लागली आहे, तिला वाचवणे माझे कर्तव्य…" भाऊ म्हणाला, "ह्यां भाषण कोण ऐकतलो?"

खरं तर मला या नादाला लावलं आजीने. धाकट्या बहिणीला ती कायम "तां इलां" (ते आलं) म्हणायची, नपुंसकलिंगी. मे महिन्यात बहिणीचं लग्न झालं. पाचपरतवणाला ती खळ्यात पोचली तर आजी आतून ओरडली, "गे, ती इली!" पाच दिवसांत लिंगबदल! मी अजून "तां"च. हे लिहू, की फार घरगुती वाटेल?

दुसरं, शिफारस. केमिस्ट्रीचे सर म्हणतात, "भाषेबद्दल मी काय लिहिणार?" मराठीच्या बाईंनी एकच वर्ष शिकवलंय.

प्रतिसाद १
मरणपंथ उडव. तसली पत्रं ढिगाने येतात, आजीचं "तां-ती" फक्त तुझ्याकडे आहे. पण एका लग्नावरून नियम ठोकू नकोस. केमिस्ट्रीवाली ना तू? एका वेळी एकच गोष्ट बदलून बघ: वयस्क पण बिनलग्नाची बाई, आजीच्या नात्यातली, परकी. गोव्याच्या कोंकणीतही तरुण मुलीला "तें" म्हणतात, ते जोडीला घे. भाषाशास्त्रज्ञ घाटग्यांचं कुडाळीवरचं (म्हणजे आपल्या मालवणीवरचंच) १९६५ चं पुस्तक मिळव, ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा, मराठीवरचा खंड (१९०५) चाळ. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या बोली-सर्वेक्षणाची ध्वनिमुद्रणं तर नेटवर फुकट ऐकता येतात.

पत्र सरांचंच घे. भाषेबद्दल नको, फसलेला प्रयोग तू पुन्हा कसा लावतेस ते लिहा म्हणावं. दुसरं बाईंचं.

प्रतिसाद २
सीयूईटीत ७५ प्रश्न, बरोबरला चार, चुकला की एक वजा. अंदाजपंचे ठोकू नये. आयपीएचा, म्हणजे उच्चार लिहायच्या आंतरराष्ट्रीय चिन्हांचा तक्ता आत्तापासून बघ. "चाक" आणि "चार" मधला च वेगळा, हे आपल्याला जिभेने माहीत असतं, कागदावर मांडताना गडबड होते.

धागाकर्ती
आभार! सर तयार झाले. रविवारी आजीजवळ बसून नावं घेत गेले. अंगणवाडीच्या बाई, चाळिशीच्या, लग्न नाही: "ती". माझी आत्या, आजीची लेक, पन्नाशीची, तिचंही लग्न नाही: "तां". म्हणजे नुसतं लग्न नाही, नुसतं वयही नाही. मग आजीला सरळच विचारलं, असं का गं? तर म्हणे, "मी खंय तसा म्हणतंय?" आणि लगेच आत्याला हाक मारायला वळली.

मरणपंथ काढला. एसओपी आता आत्यापासून सुरू होतो.