रेडिंगहून एका दिवसात द्राक्षबाग आणि वाइन चाखणे : कुठे जावे? (सासरे द्राक्षबागायतदार आहेत!)

तासगावची_सून
नमस्कार मंडळी. सासू-सासरे तासगावहून आलेत, सप्टेंबरअखेरपर्यंत इथे रेडिंगला आहेत. लंडन, विंडसर, बाथ सगळं दाखवून झालं, सासऱ्यांनी हूं की चूं केलं नाही. परवा सुपरमार्केटात एका बाटलीवर इंग्लंडचं नाव दिसलं आणि तिथेच थबकले. "इथं द्राक्ष येतंय? ह्या उन्हात?" तेव्हापासून एकच धोशा, बाग दाखवा. घरी सोनाकाची बाग आणि बेदाण्याचं शेड, त्यामुळे प्रश्नही तसलेच. खुंट (ज्यावर वेलीचं कलम बांधतात तो) कुठला, छाटणी कधी, एकरी माल किती.

आम्ही पाच जण, त्यात एक सहा वर्षांचा. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या शुद्ध शाकाहारी. सासरे एरवी घेत नाहीत, पण "चव बघीन" म्हणालेत. गाडी आहे, नवरा चालवेल, पण त्यालाही चाखायचंय. येणं-जाणं, जेवण सगळं धरून बजेट १५० पौंड. इंग्लंड-वेल्स कुठेही चालेल. अनुभव सांगा.

ससेक्सचा_सरदार
रॅथफिनी. डोळे मिटून जा. साउथ डाउन्सच्या उतारावर बाग, समुद्र हाकेच्या अंतरावर. आम्ही लग्नाच्या वाढदिवसाला तिथल्याच फ्लिंट बार्न्समध्ये मुक्काम केला होता. संध्याकाळी स्पार्कलिंगचा (फेसाळत्या वाइनचा) ग्लास घेऊन बाहेर बसलो, मिसेस म्हणाली शॅम्पेनला आता विसरा. माणशी दोनशेच्या खाली धड अनुभव मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

खडूस_काका
बाईंनी पाच जणांचे मिळून दीडशे लिहिलंय. वाचायचे कष्ट घ्या सरदार.

बोरिवली_ते_बॉक्सहिल
डेन्बीज, डॉर्किंग. दुसरं नाव घेऊ नका. २६५ एकरांची सलग बाग, आत शिरायला पैसे नाहीत, बागेतून पायवाटा आहेत. ट्रॅक्टर ओढतो ती गाडी बागेतून फिरवून आणते, म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्यांचाही प्रश्न मिटला (गाडी बारमाही नसते, वेळापत्रक बघून जा). पोराला गाडी, आजोबांना बाग, नवऱ्याला ग्लास. कॅफेत शाकाहारी मिळतं. आणि रेडिंगहून थेट ट्रेन आहे, गॅटविककडे जाणारी, डॉर्किंग डीपडीनला उतरायचं. मग गाडी कोण चालवणार ही भानगडच नाही.

हेमांगी_एम४०
डेन्बीजला +१. फक्त डीपडीन स्टेशनवर पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. गुडघेवाल्यांना घेऊन ट्रेनने नको. माझ्या आईला तिथे उतरवताना दोन अनोळखी माणसांनी हात दिला तेव्हा कुठे ती खाली पोचली.

कॉर्कस्क्रू
डेन्बीज म्हणजे जत्रा आहे हो. लग्नं काय, भेटवस्तूंचं दुकान काय. खरी वाइन प्यायची तर नायटिंबर. १९८८ साली एका अमेरिकन जोडप्याने तिथे शार्डने आणि पिनोची वेलं लावली तेव्हा सगळे हसले होते. तोवर इंग्लंडात बहुतेक जर्मन जातीच असायच्या. आज शॅम्पेनवाले स्वतः इकडे जमिनी घेतायत, तेताँजेने केंटमध्ये घेतली ती २०१५ साली. डाउन्सची खडूची जमीन फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतासारखीच आहे.

खडूस_काका
आणि नायटिंबर उघडी असते का हो रोज? मोजक्या दिवशीच पाहुणे घेतात. बाईंना दारावरून परत पाठवताय.

नाशिककर
हसू आलं धागा वाचून. तासगावच्या माणसाला द्राक्षबाग बघायला इंग्लंड? आमच्या गंगापूर रोडला सुला आहे, ९९ साली सुरू झाली. तिथे या म्हणावं. शेनिन वाइन घ्या, सोबत गरम पिझ्झा, समोर धरण. निम्म्या पैशात.

तासगावची_सून
@नाशिककर, सुला त्यांनी पाहिलीय. "धंदा चांगलाय, बाग बघू देत न्हाईत" असा शेरा आहे.

केंटचा_कुलकर्णी
चॅपल डाउन, टेंटरडन. गावात वाफेच्या इंजिनाची जुनी रेल्वे आहे, पोरगा खूश. बॅकस नावाची पांढरी घ्या. एल्डरफ्लावरचा वास, आंबटसर, आपल्या भज्यांबरोबर फर्मास जाते. मात्र एकदा एका सहल कंपनीच्या बसने केंटच्या बागा बघायला गेलो होतो (चॅपल डाउन नव्हे), तेव्हा तीर्थ देतात तेवढी वाइन दिली आणि उरलेला वेळ दुकानात उभं केलं. स्वतःच्या स्वतः जा, बस-बिस नको.

हेमांगी_एम४०
टेंटरडन रेडिंगहून दोन तास तरी, आणि एम२५ वर अडकलात तर देवाचं नाव घ्या. त्यापेक्षा डेन्बीज.

बोरिवली_ते_बॉक्सहिल
तेच तर मी म्हणतोय वरती.

प्लम्प्टनकर
मी प्लम्प्टन कॉलेजात द्राक्षशेती शिकलो, सध्या ससेक्समध्ये एका बागेत काम करतो. सासऱ्यांसाठी लिहितो.

खुंट: खडूच्या जमिनीत चुना इतका की साध्या खुंटावर पानं पिवळी पडतात. म्हणून ४१बी, फर्काल असे चुना सोसणारे. आपलं डॉगरिज इथे कुणी लावत नाही.

छाटणी: एकदाच, थंडीत, वेल झोपलेली असताना. एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी हा आपला खेळ इथे नाही, कारण आपल्याकडे वेल झोपतच नाही, इथे चार-पाच महिने झोपते.

माल: एकरी दोन-तीन टन आले की मालक खूश. सासऱ्यांना आधी बसवा, मग आकडा सांगा.

भीती: पाऊस नंतर, आधी दव गोठण्याची. एप्रिलअखेर-मेमध्ये कोंब फुटलेला असतो आणि रात्री पारा शून्याखाली जातो. मग मध्यरात्री उठून ओळीओळीत मेणाचे डबे पेटवायचे, शेकड्यांनी. २०१७ च्या एप्रिलमध्ये पुष्कळ बागांचे कोंब एका रात्रीत काळे पडले. पुढच्याच वर्षी, २०१८ ला, कधी नव्हे एवढा माल आला. डाउनी आणि भुरी हे बुरशीचे रोग इथेही आहेत, फवारण्या चुकत नाहीत.

आणि सप्टेंबरअखेर म्हणजे तोडणीचं तोंड. सोलारिस, ऑर्टेगासारख्या लवकर येणाऱ्या जाती तोवर उतरायला लागतात, शार्डने ऑक्टोबरात. वेलीवर घड बघायला मिळतील, पण तोडणी चालू असेल तर काही ठिकाणी फेरफटका बंद ठेवतात. फोन केल्याशिवाय निघू नका.

कॉर्कस्क्रू
उत्तम प्रतिसाद. त्यात भर: स्पार्कलिंग बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, मग बाटल्या हळूहळू उलट्या करत गाळ तोंडाशी आणतात, तोंड गोठवतात, बूच काढलं की बर्फाचा खडा गाळासकट उडतो. हे बघायला मिळालं तर सोडू नका. बाकी माझं मत नायटिंबरच.

विशाल_स्लाव
ताई, तुम्ही रेडिंगला राहता आणि ट्वायफर्डचं स्टॅनलेक पार्क कुणी सुचवलं नाही? रेडिंगहून ट्रेनने पुढचंच स्टेशन. बाग १९७९ पासूनची. मोठा गाजावाजा नाही, पण वाइन तिथेच बनते. टॅक्सीने गेलात तरी बजेट निम्मं शिल्लक राहील, आणि सासूबाई कंटाळल्या तर अर्ध्या तासात घरी.

ससेक्सचा_सरदार
ट्वायफर्डला काय बघणार? ना डोंगर, ना समुद्र.

टॉनीपँडीचा_तात्या
वेल्सचं नाव शीर्षकाखाली लिहिलंय म्हणून आलो. व्हेल ऑफ ग्लॅमॉर्गनमध्ये लानेर्ख आहे, एम४ च्या ३४ नंबरच्या फाट्यावरून जवळ. बाग १९८६ ची, हॉटेल आहे, जेवण चांगलं. आणि अ‍ॅबरगेव्हेनीजवळ व्हाइट कासल व्हिनयार्ड. नवरा-बायकोने २००९ साली लावलेली छोटी बाग, शेजारी पडका किल्ला. त्यांच्या पिनो न्वारला २०२१ च्या डिकँटर वाइन स्पर्धेत सुवर्ण मिळालं.

खडूस_काका
वेल्समध्ये वाइन. कोळसा संपला म्हणून आता हे.

टॉनीपँडीचा_तात्या
काका, कार्डिफजवळ कासल कोख किल्ल्याच्या उतारावर ब्यूटच्या मार्क्विसने १८७५ मध्ये द्राक्षं लावली. कोळशाच्या पैशातूनच लावली, हे मात्र बरोबर बोललात.

केंटचा_कुलकर्णी
वेल्सला जायचं तर पुलाचा टोलही धरा बजेटमध्ये.

टॉनीपँडीचा_तात्या
टोल डिसेंबर २०१८ मध्येच गेला. जागे व्हा.

हेमांगी_एम४०
नवऱ्याला चाखायचंय आणि गाडीही चालवायचीय, हे कुणी सोडवलंच नाही. इंग्लंड-वेल्समध्ये १०० मिली रक्तात ८० मिग्रॅ ही हद्द. स्कॉटलंडात ५० आहे. पण हद्दीचा हिशेब करत बसू नका. त्यांनी वास घ्यावा, थुंकावं, नाहीतर बाटली घरी आणून प्यावी. पोरगा सोबत आहे.

नाशिककर
थुंकायची वाइन? पैसे देऊन?

प्लम्प्टनकर
थुंकणं हीच रीत आहे, कुणी वाईट मानत नाही. मधे बादली ठेवलेली असते. मी तर कामावर रोज थुंकतो.

अजून एक. सुपरमार्केटातून आणाल तर 'इंग्लिश' किंवा 'वेल्श' लिहिलेली घ्या. नुसतं 'ब्रिटिश वाइन' लिहिलेली बाटली बहुतेक बाहेरून आणलेल्या द्राक्षाच्या अर्कापासून इथे आंबवलेली असते. सासऱ्यांना ती पाजलीत तर इंग्लंडच्या बागांची नाहक बदनामी.

तासगावची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. प्लम्प्टनकरांचा प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. एकरी दोन टन ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला, परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "कर्ज कोण देतंय ह्यांना?"

निर्णय झालाय. व्हाइट कासल. विशालचं ट्वायफर्ड शहाणपणाचं होतं, नवऱ्याचं मतही तेच. पण सासऱ्यांची एकच अट, बाग लावलेला माणूस समोर भेटला पाहिजे. फोन केला, तिथल्या बाई शनिवारी या म्हणाल्या. तोडणी सुरू झाली असेल तर ओळीत शिरता येणार नाही, तेवढं चालवून घ्या, हेही सांगितलं. जेवण घरून नेतोय, थेपले आणि दहीभात, किल्ल्यापाशी बसून खाऊ. डिझेल आणि चाखण्याचे पैसे धरून दीडशेत बसतंय. नवरा थुंकणार नाही, बाटली घेऊन येणार आहे. दुभाषाचं काम माझ्याकडे, म्हणून विचारते: भुरीला इंग्रजीत पावडरी मिल्ड्यू म्हटलं की कळतं ना त्यांना?

बोरिवली_ते_बॉक्सहिल
दोन तास जायला, दोन यायला, एका छोट्या बागेसाठी? डेन्बीज तासाभरावर होतं. बघा बुवा.

प्लम्प्टनकर
कळतं. आणि रोंडो, रीजंट या लाल जातींबद्दल जरूर विचारा. रोगाला टणक आहेत, वेल्सच्या पावसात चांगल्या टिकतात. सासरे तिथून लवकर निघणार नाहीत, परतीची वेळ कुणाला देऊन ठेवू नका.

ससेक्सचा_सरदार
पुढच्या वेळी रॅथफिनी.

कॉर्कस्क्रू
अवांतर: सासरे परत जाताना दोन-तीन बाटल्या द्या सोबत.

खडूस_काका
तीन नाही. माणशी दोन लिटरपर्यंतच ड्यूटी माफ आहे, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन, आणि त्या चेक-इन बॅगेत. सासूबाईंच्या नावावर आणखी दोन जातील, त्यांना पटलं तर.

तासगावची_सून
त्यांना विचारलं. म्हणाल्या, माझ्या बॅगेत पापड आहेत.