रोमन चांदीचं नाणं घ्यायचंय, कोणत्या सम्राटाचं घेऊ?

टेम्सकाठी: नमस्कार मंडळी. लंडनला असते. रोमन डेनारियस घ्यायचाय, एकच. चेहरा स्पष्ट हवा, मागच्या बाजूला बघण्यासारखं काहीतरी हवं. बजेट 80 पौंड, वर एक पेनीही नाही.

जुनाखजिना: डोळे मिटून टायबेरियस घ्या. मागे आसनावर बसलेली बाई, हातात राजदंड आणि फांदी. बरेच जण तिला त्याची आई लिव्हिया समजतात. बायबलातलं कराचं नाणं ते हेच, असं मानतात. दक्षिण भारतातल्या साठ्यांतही ऑगस्टसची आणि याचीच नाणी जास्त. मला 300 ला पडलं, पण काय नाक आहे!

हिशोबी: अहो, ताईंनी 80 लिहिलंय. ताई, सेप्टिमियस सेव्हरस बघा. ढिगाने मिळतो, दाढीही झकास.

जुनाखजिना: त्यात चांदी जेमतेम निम्मी. नीरोने 64 साली वजन आणि कस दोन्ही उतरवले, तिथून घसरणच.

हिशोबी: वितळवायचंय का त्यांना?

गोदाकाठ: रोमन कशाला? आपल्या नहपानाचं घ्या! चांदीच, राजाचा चेहरा, मागे बाण आणि वज्र. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला 13 हजारांवर नाणी निघाली, बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला.

कलम_बहाद्दर: आणि ते लंडनला नेणार कसं? शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं भारताबाहेर नेता येत नाही. 1972 चा कायदा वाचा.

गोदाकाठ: मी फक्त सुचवलं.

भटकभवानी: आमच्या मेव्हण्यांनी सहलीत फेरीवाल्याकडून ट्रेजन घेतला. काठावर साच्याची रेघ! रोमन नाणी ठोकून पाडायचे, ओतून नव्हे. आधी काठ बघा. मुलामा उडून आतलं तांबं दिसत असेल तर तेही तिथेच कळतं. त्या काळीही असली खोटी नाणी चालायचीच.

सोनचाफा: टायबेरियसच घ्या. बायबलातलं नाणं आहे ते.

टेम्सकाठी: सगळ्यांचे आभार. घेतलं! अँटोनायनस पायसची राणी फॉस्टिना, वारल्यावर तिला देवत्व दिलं तेव्हाचं. वेण्या डोक्यावर अंबाड्यासारख्या गुंडाळल्यात, पेडन्‌पेड दिसतो. मागे मोर. काठ तपासला. 65 पौंड.

जुनाखजिना: सम्राट विचारलात आणि राणी घेतलीत?

हिशोबी: 65 टपालखर्च धरून का?