मदत हवी आहे: शाळा बंद केल्यावर मुलांचे संपर्क कुठे दाखवायचे?

नमस्कार मंडळी. साथ आल्यावर कोणते निर्बंध कितपत उपयोगी पडतील हे आधीच तपासता यावं, म्हणून अख्ख्या देशाची कृत्रिम लोकसंख्या संगणकावर उभी करतोय. जनगणनेच्या तक्त्यांवरून वय, घरातली माणसं, शाळा, नोकरी हे जुळवून झालं. कोण कोणाला किती भेटतं यासाठी पॉलिमॉड या संपर्क-सर्वेक्षणाचे तक्ते घेतलेत. पण ते २००८ साली प्रसिद्ध झालेले, युरोपातल्या ८ देशांचे आणि नेहमीच्या दिवसांतले.

अडलंय ते इथे. शाळा बंद केली की मॉडेलमधल्या ८ वर्षांच्या मुलीचे वर्गातले संपर्क शून्य होतात आणि रुग्णांचा आलेख झपकन खाली येतो. प्रत्यक्षात आई-वडील कामावर गेले की ती आजीकडे राहणार, म्हणजे नेमकी जास्त धोका असलेल्या व्यक्तीजवळ. हे न धरता शाळा बंद करण्याचा सल्ला देणं मला घातक वाटतं. अशा वेळी घरातले संपर्क सरसकट वाढवावेत, की मूल कोण सांभाळतं ते घरागणिक ठरवावं? कोणी हे करून पाहिलंय का?

आणखी एक. वेग मिळावा म्हणून १०० माणसांमागे १ एजंट (मॉडेलमधली कृत्रिम व्यक्ती) ठेवला, तर सुरुवातीचे रुग्ण इतके थोडे उरतात की साथ बऱ्याचदा आपोआप विझते. कोव्हासिम या कोविडच्या साथीसाठी बनवलेल्या मॉडेलमध्ये साथ वाढेल तसं हे प्रमाण बदलायची सोय आहे. पण तसं करताना कुटुंबं न मोडता कशी सांभाळायची? कोडचा तुकडा किंवा नुसती दिशा दाखवलीत तरी चालेल.